सिरॅमिक मारूनसुद्धा बॉनेटचे टवके उडतायत, काय करू?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी घेऊन जेमतेम चार महिने झालेत, रंग काळा (हो, हट्ट माझाच, घरचे नको म्हणत होते). काल निवांत धुतली आणि पुसताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं म्हणून वाकून बघितलं तर बॉनेटच्या पुढच्या कडेला तीन टवके! एकात पांढुरकं दिसतंय, एकात करडं, आणि एकात चक्क चकचकीत पत्रा. बंपरवरचे मोजायला घेतले आणि नऊ झाल्यावर सोडून दिले, जीव जळतो.

गाडी घेतानाच सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसवतात तो पारदर्शक पातळ थर) करून घेतलं होतं. करणाऱ्याने "नाइन एच कडकपणा आहे, खडासुद्धा काही करणार नाही" असं छातीठोक सांगितलेलं. आता विचारलं तर म्हणतो खड्याचं आम्ही कधी बोललोच नाही.

तर प्रश्न असे की उडालेल्या टवक्यांचं काय करायचं, नवीन होऊ नयेत म्हणून काय करायचं, आणि तिसरं कोडं म्हणजे मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या पट्टीवरसुद्धा बारीक बारीक टवके आहेत. तिथे समोरच्या गाडीचा खडा कसा काय पोचेल?

सुस्साट

गाडी झाकून ठेव आणि बसने जा, एकही टवका उडणार नाही

तिसरा_गिअर

@सुस्साट तू येणार हे माहीतच होतं 😄

मायक्रॉन

रंगांच्या चाचण्या घेण्याचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आधी ते नाइन एच. ही पेन्सिलची चाचणी आहे. खरोखरच्या पेन्सिली, ६बी पासून ९एच पर्यंत, ठरावीक कोनात दाबून रंगावर ओढायच्या आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघायचं. ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याबिऱ्याच्या कडकपणाशी त्याचा संबंध नाही आणि खड्याच्या माराशी तर अजिबातच नाही, कारण ओरखडा ही घासण्याची गोष्ट आणि टवका ही आदळण्याची. काच कडकच असते की, खडा मारून बघा.

आणि जाडीचं गणित बघा. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो. सगळ्यात खाली पत्र्याला चिकटलेला इ-कोट (अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या जोरावर बसवतात तो), त्यावर प्रायमर (रंगाखालचं अस्तर), मग दिसणारा रंग, सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सिरॅमिकचा थर किती, तर एखाद-दोन मायक्रॉन. तो पाणी घरंगळवतो, धुणं सोपं करतो, चमक देतो, पक्ष्याची घाण लगेच चिकटू देत नाही, हे सगळं खरं. पण वरून येणारा खडा त्या दोन मायक्रॉनला विचारत नाही. मेण, पॉलिश, सीलंट सगळ्यांना हेच लागू.

आता तुमचे तीन टवके. पांढुरकं म्हणजे बहुधा क्लिअरच दुखावलाय किंवा प्रायमर दिसतोय. करडं म्हणजे प्रायमर किंवा इ-कोटपर्यंत गेलंय. हे दोन थांबू शकतात. चकचकीत पत्रा मात्र थांबणार नाही, गंज कडेने रंगाखाली सरकत जातो आणि वरून काही दिसेपर्यंत आत बरंच खाल्लेलं असतं. पत्र्याला जस्ताचा थर असेल तर जस्त आधी झिजून लोखंडाला थोडा वेळ सांभाळतं, पण थोडाच. घरातलं साधं लोहचुंबक बॉनेटला मऊ कापडात गुंडाळून लावून बघा. चिकटलं नाही तर बॉनेट बहुधा ॲल्युमिनियमचं आहे, तांबडा गंज येणार नाही, पण रंगाखाली फोड मात्र येतात. बंपर प्लास्टिकचे, तिथे फक्त दिसण्याचा प्रश्न.

लांबी_पुट्टी

>> खडासुद्धा काही करणार नाही असं छातीठोक सांगितलेलं

लेखी दिलेलं का? नसेल तर विसरा. त्या वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात खड्याचे टवके वगळलेले असतात बहुतेक वेळा

कलंदर

माझं सरळ मत सांगू का, गाडी वापरायला घेतो आपण, देव्हाऱ्यात ठेवायला नाही. टवके उडणारच. पाच-सात वर्षांनी एकदाच बॉनेट आणि बंपर रंगवून घ्यायचं की परत नवं. त्या फिल्मच्या (रंगावर चिकटवतात ती पारदर्शक) भानगडीत पडून आधीच पैसे घालवायचे आणि वर फिल्मला ओरखडा आला म्हणून परत रडायचं.

मायक्रॉन

@कलंदर हिशोब म्हणून चूक नाही, पण एक गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यात क्लिअर कोट १३०-१४० अंशांना भाजला जातो, इ-कोट त्याहून जास्त, कारण तेव्हा बॉडीत वायर, सीट, प्लास्टिक काहीच नसतं. नंतर गॅरेजमध्ये रंगवताना पूर्ण गाडी ६० अंशांच्या आसपासच तापवता येते, त्यामुळे रंगाची रसायनंच वेगळी वापरतात. चांगल्या माणसाने केलं तर उत्तम होतं, पण पत्र्याला धरून बसलेला तो मूळचा इ-कोट एकदा घासून काढला की तसाच्या तसा परत मिळत नाही. म्हणून मूळ रंग जितका टिकवता येईल तितका टिकवावा या मताचा मी आहे. शिवाय काळा एक वेळ जुळतो, मोत्यासारखे चमकणारे रंग शेजारच्या फेंडरशी (चाकावरच्या पत्र्याशी) जुळवताना भलेभले घाम पुसतात.

घाटवाट

मी भरपूर गाडी चालवते, रोजचं जाणंयेणं हायवेनेच, तर दाराखालच्या टवक्यांचं कोडं मी सोडवते. ते खडे तुमच्याच पुढच्या चाकांनी मारलेत! टायर खडा उचलतो आणि मागे फेकतो, तो दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या फेंडरच्या पुढच्या फुगवट्यावर आपटतो. मडफ्लॅप आहेत का गाडीला? आजकाल बऱ्याच गाड्यांना नुसता नावापुरता चार बोटांचा तुकडा असतो किंवा तोही नसतो. आणि तुम्ही हौसेने रुंद टायर किंवा कमानीच्या बाहेर डोकावणारी अलॉय चाकं बसवली असतील तर मग बोलायलाच नको.

पुढच्या दोन चाकांना नीट रुंदीचे मडफ्लॅप बसवा, या अख्ख्या धाग्यातला सगळ्यात स्वस्त उपाय तोच असेल. फक्त बसवण्याआधी तिथला रंग स्वच्छ करा आणि फ्लॅप जिथे पत्र्याला टेकतो तिथे पारदर्शक टेपचा तुकडा लावा, नाहीतर मधे माती अडकून ती रंगच घासत बसते (हे मला दोन वर्षांनी फ्लॅप काढल्यावर कळलं). मागच्या चाकांनाही बसवा, त्याचा फायदा तुम्हाला नाही, तुमच्या मागच्याला.

तिसरा_गिअर

@घाटवाट ताई तुम्ही अंतर्यामी आहात का, अलॉय खरंच बदललेत 🙈 बाहेर डोकावतात थोडे. मान्य.

सुस्साट

चोराच्या उलट्या बोंबा, स्वतःच स्वतःला खडे मारतोय आणि धागा काढतोय

अर्धवट_अभियंता

थोडं वेगाबद्दल बोलूया का, कारण सगळे फिल्मकडेच पळतायत. आपण म्हणतो पुढच्या ट्रकने खडा "मारला". प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसं होत नाही. फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणाला रस्त्याच्या मानाने स्थिर असतो, तिथून जरा वर येता येता खडा सुटला तर त्याला रस्त्याच्या हिशोबाने फार वेग नसतो, तो आपला हवेत उडून थोडा वेळ लोंबकळतो आणि आपण शंभरच्या वेगाने जाऊन त्याच्यावर आदळतो. म्हणजे मारणारे आपणच!

आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६० चे १२० केले तर दुप्पट नाही, चौपट मार. ८० वरून १०० वर गेलात तरी दीडपटीहून जास्त. समोरून येणाऱ्याने उडवलेला असेल तर त्याचाही वेग त्यात मिसळतो. म्हणून नुकतीच खडी पसरलेल्या रस्त्यावर वेग निम्मा करणे हे कुठल्याही कोटिंगपेक्षा भारी पडतं. अंतर पण ठेवा. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, तीन सेकंदांचं अंतर म्हणजे ८० मीटरच्या वर. तेवढ्यात हवेतला खडा बहुतेकदा परत रस्त्यावर पडलेला असतो. खडी भरलेल्या डंपरच्या मागे मात्र अंतराचा भरवसा नाही, तिथे खडे चाकातून नाही, वरूनच सांडत असतात. सुरक्षित असेल तर पुढे निघून जा, नाहीतर चहूबाजूंनी शिव्या खात मागे राहा, पण त्याच्या शेपटाला चिकटून राहू नका.

कलंदर

हे मात्र पटलं. मी ८५ च्या वर जात नाही म्हणूनच माझ्या गाडीला टवके कमी असावेत, मला वाटायचं माझा रंगच चांगला आहे

फिल्मवाला

पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावायचंच काम करतो, त्यामुळे मी पक्षपाती आहे असं धरूनच वाचा.

खड्याला खरंच अडवणारी एकच गोष्ट म्हणजे जाडी आणि लवचिकपणा, आणि ते फिल्ममध्ये मिळतं. चांगली फिल्म टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. दाबली की दबते, मार पसरवते, परत जागेवर येते. या जातीच्या फिल्म व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-खड्यांपासून वाचवायला वापरल्या गेल्या, तिथून रेसच्या गाड्यांवर आल्या आणि मग आपल्यासारख्यांच्या. जाडी "मिल"मध्ये सांगतात, आणि मिल म्हणजे मिलिमीटर नाही हो, इंचाचा हजारावा भाग. ८ मिल म्हणजे साधारण २०० मायक्रॉन. म्हणजे तुमच्या अख्ख्या रंगापेक्षा जाड.

फसवणूक कुठे होते तर मालात. पीव्हीसीची फिल्म मऊ करून पीपीएफ म्हणून विकतात, टीपीएच असं काहीतरी नाव देऊन. लावताना छान बसते, दिसते पण छान, पण मग पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकडे तुकडे होऊन निघते. उरलेला छोटा तुकडा मागून घ्या आणि दोन्ही हातांनी ओढा. टीपीयू रबरासारखी ताणली जाते आणि सोडल्यावर बऱ्यापैकी परत येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते. एवढं केलं तरी निम्मे फसवणारे कळतात.

कुठे लावायची? पूर्ण गाडीला लावा असं मी म्हणायला पाहिजे खरं तर 😀 पण खड्यासाठी म्हणाल तर पुढचा बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरशांची पाठ, छताची पुढची कड, काचेच्या दोन्ही बाजूचे खांब, आणि दाराखालची पट्टी ते मागच्या चाकाची कमान. हेडलाइटला पण लावा, बंपरइतकाच मार त्यांना बसतो. छतावर, डिकीवर, दारांच्या वरच्या भागावर खडा येत नाही. बॉनेटला अर्धीच, पुढची दीड-दोन फूट, लावायची पण पद्धत आहे, स्वस्त पडते, पण काळ्या गाडीवर त्या रेघेत धूळ आणि पॉलिश बसून पांढरी रेघ दिसते आणि तुमच्यासारखा माणूस रोज ती रेघच बघत बसेल.

वाचनमात्र_ताई

वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका, सेल्फ हीलिंग म्हणतात ते खरं असतं की जाहिरात?

फिल्मवाला

@वाचनमात्र_ताई खरं असतं पण मर्यादेत. फिल्मच्या वरच्या थरातले बारीक ओरखडे, कापडाने पुसताना उठणाऱ्या गोल गोल रेघा वगैरे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. खड्याने आरपार चिरली तर ती चीर भरत नाही, तेवढा पॅनेल बदलायचा. पण मग तो मार फिल्मने खाल्लेला असतो, रंगाने नाही, त्यासाठीच तर ती लावलेली. मोठा धारदार खडा जोरात आला तर फिल्म फोडून रंगापर्यंत जाऊ शकतो, कुणी "शंभर टक्के" म्हणालं तर उठून चालायला लागा.

हौशी_मेकॅनिक

फिल्म स्वतः लावू नका रे. एवढंच सांगायला आलोय.

बरं सविस्तर सांगतो. रोल मागवला, व्हिडिओ बघितले, स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि दोन थेंब बेबी शाम्पू (फिल्म सरकायला), दुसऱ्या बाटलीत पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल (चिकटायला), रबरी स्क्वीजी, सगळा जामानिमा. आरसे बरे झाले, डोकं चढलं, बॉनेटला हात घातला. जागा गॅरेजच्या दारात, वारा सुटला, आणि चिकट बाजूवर अर्ध्या गावाची धूळ. ती काढली, दुसरा तुकडा. तो बसला पण कड कापायला ब्लेड गाडीवरच चालवलं. फिल्म कापली गेली आणि फिल्मखालचा रंग पण. चार वर्षं खड्यांनी जेवढं केलं नाही तेवढं मी एका दुपारी केलं.

म्हणून कुणाकडून लावून घेणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा की कड कशी कापणार. मॉडेलच्या मापाने प्लॉटरवर (फिल्म कापायच्या यंत्रावर) आधीच कापून आणतात का, की गाडीवर ब्लेड? गाडीवरच कापत असतील तर हात किती तयार आहे ते त्यांनी केलेल्या गाडीच्या कडा बघून ठरवा.

त्याच्याआधी मी ते चामड्यासारखं नाकावर बांधायचं कव्हर पण वापरलंय, ब्रा म्हणतात ते. त्याच्याखाली ओल आणि बारीक वाळू अडकली, वाऱ्याने ते फडफडत राहिलं, सहा महिन्यांनी काढलं तर खालचा रंग दुधट. टवका एकही नव्हता हे मात्र खरं 😑

लांबी_पुट्टी

दाराखालच्या पट्टीसाठी अजून एक आहे, स्टोनगार्ड कोटिंग. रबरासारखं दाणेदार असतं, फवारून मारतात, वरून गाडीचा रंग देता येतो. कित्येक गाड्यांना कंपनीच तिथे देते, बोट फिरवून बघा खडबडीत लागतं का. बॉनेटला नका मारू, संत्र्याच्या सालीसारखं दिसेल

तिसरा_गिअर

भरपूर माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. फिल्म लावायचं जवळजवळ ठरतंय. पण मग हे तीन टवके आधी भरायचे की फिल्मखाली जाऊ द्यायचे?

फिल्मवाला

आधी भरायचे! फिल्म पारदर्शक आहे, काही लपवत नाही, उलट खळग्यात हवेचा बुडबुडा राहतो आणि टवका जास्तच उठून दिसतो. आणि भरल्यावर लगेच माझ्याकडे किंवा कुणाकडेही धावू नका, ओल्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडत असतो, त्यावर फिल्म लावली तर खाली फोड येतात. अख्खा पॅनेल रंगवला असेल तर महिनाभर तरी थांबा. आणि रंगवलेला पॅनेल असेल तर लावणाऱ्याला आधी सांगा, उद्या फिल्म काढताना कच्चा रंग फिल्मबरोबर निघून येतो आणि मग भांडणं होतात.

मायक्रॉन

टचअपचं (टवका रंगाने भरायचं) मी सांगतो, इथे घाई नडते.

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बहुतेक वेळा दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखाली. नुसतं "काळा" म्हणून रंग आणू नका, काळ्यातही शंभर काळे. जागा शाम्पूने धुवा, मग आयसोप्रोपिलने पुसा, कारण मेणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. सुटलेले पोपडे लाकडी टूथपिकने हलकेच काढा. पत्रा दिसतोय त्या टवक्यात गंजाचा ठिपका असेल तर फायबरग्लासच्या पेनने तेवढाच खरवडा, मग प्रायमरचा एक बारीक ठिपका. बाकी दोघांना प्रायमरची गरज नाही.

रंग लावताना बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरू नका, तो फार जाड. टूथपिकच्या टोकावर किंवा अगदी बारीक चित्रकलेच्या ब्रशवर थेंब घ्या आणि टवक्याच्या मध्यभागी टेकवा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळला की आकसून खाली बसतो, म्हणून परत एक, परत एक. शेवटी क्लिअर, तो आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर राहिला पाहिजे. मग काही दिवस विसरून जा. नंतर २००० किंवा ३००० च्या पॉलिशपेपरने पाणी घालत फक्त तो उंचवटा घासा आणि पॉलिश करा. इथेच लोक आजूबाजूचा क्लिअर घासून टाकतात, साधारण ४०-५० मायक्रॉनच आहे तो, त्यामुळे हात आवरा. जमत नसेल तर घासूच नका, दोन हातांवरून कुणाला दिसत नाही.

आणि मघाशी राहिलं, रंगाला टवके किती उडतात याची आमच्याकडे रीतसर चाचणी असते, एसएई जे४००. अर्धा लिटरच्या आसपास खडी, ९.५ ते १६ मिलिमीटरची, दाबाच्या हवेने पॅनेलवर मारायची, मग टेप लावून ओढायची म्हणजे सुटे पोपडे निघतात, आणि टवके मोजायचे. थंडीत रंग ठिसूळ होतो म्हणून पॅनेल गोठवूनही मारतात. चाचणीचं यंत्र चालू असताना जो आवाज येतो तो ऐकलात तर डंपरच्या मागे आयुष्यात जाणार नाही.

सुस्साट

नोकरी आहे की सूड 😂

तिसरा_गिअर

दोन महिन्यांनी अपडेट देतोय.

टचअप केलं. पहिला टवका बिघडवला (ब्रश झाकणातलाच वापरला, सांगूनही), पुसून परत केला, दुसरे दोन बरे जमले. घासायच्या फंदात पडलो नाही. चुंबक चिकटलं, म्हणजे पत्रा लोखंडाचाच, त्यामुळे केलं ते बरंच झालं. अलॉय परत जुने टाकले, चारही मडफ्लॅप बसवले, फ्लॅपखाली टेपचे तुकडे लावूनच. मग थांबून बंपर, पूर्ण बॉनेट, फेंडर, आरसे, हेडलाइट आणि दाराखालच्या पट्ट्या एवढ्यालाच फिल्म. तुकडा मागून ओढून बघितला तेव्हा लावणारा हसला आणि म्हणाला कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसतंय.

पहिल्या आठवड्यात फिल्मखाली पाण्याचे फुगे दिसत होते, फोन करणार होतो, पण तीन आठवड्यांत आपोआप गेले. परवा हायवेवर ठाण्णकन आवाज आला, पोटात गोळा. घरी येऊन बघितलं तर बॉनेटवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण. कोमट पाणी ओतलं, बरीचशी भरून आली, मधे सुईच्या टोकाएवढं राहिलंय. खाली रंग शाबूत.

आता एकच, बंपरच्या खालच्या कडेला फिल्मच्या काठाशी काळी रेघ जमायला लागलीये. ती कशाने काढायची?

फिल्मवाला

मऊ ब्रश आणि गाडीचा शाम्पू, काठाच्या दिशेने, काठाच्या विरुद्ध नाही. नाही निघाली तर कापडावर थोडं आयसोप्रोपिल. प्रेशर वॉशरचा फवारा काठावर जवळून मारू नका, हातभर लांब आणि सरळ समोरून, नाहीतर काठ उचलेल. आणि उचललाच तर नखाने दाबत बसू नका, आत धूळ गेली असते, सरळ घेऊन या.